मागची पाटी

३ जून

प्रिय ताई,

फोन केला तर तू "बरं, ठेवते" म्हणशील, म्हणून पत्र. पत्राला तसं म्हणता येत नाही. फार तर फाडता येतं.

कारण साधंच आहे. खारू गाडी शिकतेय. तू तिला खार म्हणायचीस तेव्हा ती दोन्ही गाल भरून खायची. आता अठरा पूर्ण झालीत आणि माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. शिकाऊ परवाना मिळाल्यावर तिच्या बाबांनी तिला दोन दिवस शिकवलं. तिसऱ्या दिवशी हे गाडीतून घरी आले आणि ती चालत. जेवताना दोघंही माझ्याकडे बघून बोलत होते.

"तुझ्या लेकीला सांग, गाडीला ब्रेक नावाची एक वस्तू असते."

"बाबांना सांग, तोंडालाही असते."

झालं. तेव्हापासून शेजारच्या सीटवर मी.

रोज ऑफिस सुटलं की आम्ही निघतो. पुढे एक पाटी, मागे एक. पांढऱ्यावर तांबडा एल. ताई, लोक या पाटीशी कसे वागतात ते तू विसरली असशील.

नाही, विसरली नसशील. हा शब्द मला वापरायचा नव्हता. खोडला तर डाग दिसेल, म्हणून राहू देते.

सिग्नल हिरवा व्हायच्या आत मागचा हॉर्न वाजवतो. पाटी नसती तर त्यानं तीन सेकंद दिले असते. पाटी बघून एकही देत नाही. काही जण इतके खेटून पुढे जातात की आमचा आरसा आत घ्यावा लागतो, आणि जाताना मान वळवून आत कोण आहे ते बघतात. मुलगी दिसली की हसतात. मी दिसले की मान हलवतात. परवा एकानं काच खाली करून सांगितलं, "बाई, आधी मैदानात शिकवा, मग माणसांत आणा." खारू म्हणाली, "काका, तुम्हाला कुठं शिकवलं होतं?" मी तिच्या मांडीवर चापट मारली, पण हसूही आलं. ती म्हणते, "आई, या पाटीवर एल नाही लिहिलेलं. 'मला ओरडा' असं लिहिलंय."

मी अजून पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षातच आहे. दिवसभर लोकांचं ओरडणं कानात घ्यायचं आणि "नोंद केली आहे" म्हणायचं. एवढी वर्षं सवय आहे, तरी गाडीत मागून हॉर्न आला की माझे खांदे कानांपर्यंत जातात. खारूचे जात नाहीत. ती तुझ्यावर गेली आहे.

आणि खरं सांगू? मीसुद्धा वाजवलाय. शिकाऊ गाडी पुढे असली की मलाही वाटायचं, हिला आजच बाहेर पडायचं होतं का.

आता मुद्द्याचं. मामी आली होती. भाऊजींच्या डोळ्यांचं तिनं सांगितलं. दोन्ही बाजूंचं दिसत नाही, फक्त समोरचं, नळीतून बघितल्यासारखं. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलंय, तरी तेच चालवतात, आणि तू शेजारी बसून रस्ता सांगतेस. "डावीकडे सायकल. उजवीकडून माणूस येतोय. थांबा. आता चला." मामीला वाटतं, काय हे प्रेम. मला मात्र तसं वाटलं नाही. तुमच्याकडची बस बंद झाली, दवाखाना तासाभराच्या अंतरावर, हे सगळं मला कळतं. पण ताई, एक दिवस तुला सांगायला अर्धा सेकंद उशीर होईल.

तू शिक ना. मामी म्हणाली, "मी सुचवलं तर म्हणाली, मी विसरणारी बाई, माझ्या हातात गाडी देऊ नका."

तसं काही नसतं गं. अकरा वर्षं झाली. झालं गेलं सोडून देऊ या.

तुझी,
घाई

(तू ठेवलेलं नाव. अजून तशीच आहे. भाजी अर्धी कच्ची उतरवते.)


२१ जून

प्रिय ताई,

पत्र पोचलं असेल. उत्तर नाही आलं, येईल असं वाटलंही नव्हतं.

काल खारू म्हणाली, "आई, आपण चढाच्या सिग्नलला का जात नाही? परीक्षेत चढ असतो." मी म्हटलं, तिकडे काम चालू आहे, रस्ता खणलाय. थोड्या वेळानं ती म्हणाली, "परवा माझी मैत्रीण त्याच रस्त्यानं आली." मग आम्ही दोघींनी दुकानांच्या पाट्या वाचत घर गाठलं.

मी लांबून वळसा घालते, अकरा वर्षं. तुला गाव सोडावं लागलं, मी नुसता वळसा घालते.

आज एक गोष्ट केली, ती तुला सांगावीशी वाटते. त्या शिंप्याकडे गेले. खारूची पँट लांब होती, तेवढं निमित्त. दुकान तेच आहे. मशीनला आता मोटर आहे, ती तो डाव्या पायानं चालवतो. उजवा पाय स्टुलावर ठेवलेला असतो, पाहुण्यासारखा. त्यानं मला ओळखलं नाही. मी दारातच उभी होते, तर म्हणाला, "या ना ताई, आत या, दार काही शिवायचं नाहीये."

पायाकडे माझी नजर गेली तशी त्यानं आपणहून सांगायला सुरुवात केली. किती गिऱ्हाइकांना सांगितलं असेल कोण जाणे. बोलता बोलता त्याचा हात माप घेतच होता.

"चढावर सिग्नलला उभा होतो. पुढची गाडी सुटताना मागे आली. माझी दुचाकी आडवी झाली, पाय कठड्यात अडकला. त्या बाई शिकाऊ होत्या. मला काय माहीत? पाटी नव्हती मागे. तेव्हा माझी बायको शिकत होती, म्हणून पाटी दिसली की मी दीड गाडीचं अंतर ठेवायचो. दीड. मोजून. लोक मला मागून शिव्या द्यायचे. पण पाटीच नव्हती."

मी म्हटलं, "अरेरे."

ताई, मी एवढंच म्हटलं.

मग म्हणाला, "बाई चांगल्या होत्या. दवाखान्यात रोज यायच्या. औषधांच्या दुकानात होत्या ना, माझ्या गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला लावल्या होत्या त्यांनी. माझ्यापेक्षा त्याच जास्त रडायच्या. पुढची पाटी लावली आणि मागची विसरल्या. आता माणूस म्हटल्यावर विसरायचाच. मी कुणाची बाही उलटी नाही का लावत."

मी पँट तिथंच ठेवून आले.

घरी येताना मला ते चार दिवस आठवत होते. तू तुझ्या घरापासून त्या चढापर्यंत रोज चालत होतीस, खाली बघत. पाटी पडली असेल, गटारात गेली असेल, कुणी उचलून कुंपणाला लावली असेल. तू पेट्रोल पंपावरच्या माणसाला दोनदा विचारलंस. भंगारवाल्याचं पोतं उलटं करायला लावलंस. तिसऱ्या दिवशी मीही तुझ्याबरोबर होते. तू रस्त्याच्या या बाजूनं, मी त्या बाजूनं. मी काठीनं गवत बाजूला करून बघत होते. एक पांढरा पुठ्ठा दिसला तर तू धावत आलीस. बुटांच्या खोक्याचं झाकण होतं.

चौथ्या दिवशी तू कठड्यावर बसलीस आणि म्हणालीस, "म्हणजे मी लावलीच नव्हती."

वाऱ्यानं उडाली असेल, असं मी म्हटलं होतं ना? मला वाटतं म्हटलं होतं.

असो. कुणाच्याही हातून होतं, एवढंच सांगायचं होतं. त्यासाठी माणसानं जन्मभर स्वतःला शिक्षा द्यायची नसते. तू औषधांचं दुकान सोडलंस तेव्हाही मला हेच म्हणायचं होतं.

घाई


९ जुलै

ताई,

मागचं पत्र मिळालं असेल तर ते बाजूला ठेव आणि हे वाच. त्यात मी खोटं काही लिहिलं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. अशी पत्रं लिहायला मी तक्रार कक्षात शिकले.

रविवारी दुपारी खारूनं मला न विचारता गाडी चढाच्या रस्त्याला घातली. मी म्हटलं, "इकडे कुठं?" ती म्हणाली, "परीक्षा अठरा दिवसांवर आहे." सिग्नल लाल होता. पुढे एक गाडी, मग आम्ही, आमच्या मागे एक पांढरी गाडी, इतकी जवळ की आरशात तिचा दिवा दिसत नव्हता, नुसती काच दिसत होती. हिरवा झाला. खारूची गाडी बंद पडली. मागून हॉर्न. तिनं परत चालू केली, परत बंद. मागचा आता हात उचलतच नव्हता, एकच लांब आवाज. मी म्हणत होते, "हँडब्रेक, हँडब्रेक ओढ," आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. तिनं तो ओढला, श्वास घेतला, गाडी सोडली. एक बोटभरही मागे गेली नाही, ताई. वर आली, बाजूला घेतली, थांबवली.

पांढरी गाडी शेजारून गेली. आतला माणूस काहीतरी ओरडला.

खारूनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. समोर बघत तिनं विचारलं, "आई, तू मावशीची पाटी का काढली होतीस?"

तुला आठवतं, ती तेव्हा सात वर्षांची होती आणि मागच्या सीटवर होती. तू पंपावर हात धुवायला गेलीस, तेव्हा ती सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेतून बघत होती. माझ्याकडे बघून तिनं हात हलवला. मी ओठांवर बोट ठेवलं. तिला वाटलं, खेळ आहे.

अकरा वर्षं माझ्या लेकीनं ते बोट पाळलं.

आता लिहिते.

पाटी तू लावली होतीस. पुढची दोरीनं आणि मागची चिकटपट्टीनं, दुकानातून आणलेल्या, जखमेला लावतात त्या पांढऱ्या. चारही कोपऱ्यांना. वरून अंगठ्यानं दाबून. मी फाटकाशी उभी राहून बघत होते आणि म्हणत होते, "आटप ना, पाटी आहे की पेशंट." तू एकदा दाबलीस, मग गाडीला फेरी मारून येऊन परत दाबलीस, मग बसायच्या आधी तिसऱ्यांदा. तू सगळं तीनदा करायचीस. औषधाची बाटली कपाटातून काढताना नाव वाचायचं, ओतताना वाचायचं, हातात देताना वाचायचं. लग्नाच्या यादीतसुद्धा तू प्रत्येक नावापुढे तीन टिंबं दिली होतीस.

पंपापर्यंत येताना मागून सतत हॉर्न वाजत होता. तुझे हात घामानं निसटत होते. मी उतरले आणि चारही कोपरे सोलले. पट्टी चांगली चिकटली होती, नख लावावं लागलं. म्हणजे विचार करायला वेळ होता, हे मला सांगायचं आहे. पहिला कोपरा सोलून मी थांबू शकले असते. दुसरा सोलूनही.

का? मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले की तुझ्यासाठी. पाटी नसली की लोक त्रास देणार नाहीत, तू शांत होशील. यातलं थोडं खरं आहे. बाकीचं असं, की पंपाच्या रांगेत मागच्या गाडीत आमच्या ऑफिसचे साहेब होते. त्यांनी मला ओळखलं आणि पाटीकडे बोट दाखवून हसले. शेजारी बायको होती, तीही हसली. मला तुझी लाज वाटली. तुझी, ताई. जी मला सायकल शिकवताना तीन गल्ल्या मागून सीट धरून पळत यायची, तिची.

पाटी मी पायपुसण्याखाली सरकवली. तुला सांगणारच होते, घरी पोचल्यावर, हसत. वीस मिनिटांनी तो चढ आला.

चौकशीत त्या अधिकाऱ्यानं विचारलं, "पुढची पाटी आहे, मागची कुठाय?" तू म्हणालीस, "लावली होती मी." त्यानं परत विचारलं. तू म्हणालीस, "मला वाटतं लावली होती." आणि माझ्याकडे वळलीस. "लावली होती ना गं?"

पाटी आहे की नाही हे बघणं शेजारी बसणाऱ्याचं काम असतं, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. तो पेन उघडं धरून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "मला नक्की आठवत नाही. ती घाईत होती."

तू. घाईत.

आणि नंतर, कठड्यावर नाही, घरी, स्वयंपाकघरात. तू चमचे पुसत होतीस. विचारलंस, "तू फाटकाशी उभी होतीस ना? मला लावताना बघितलं असशील." शेवटची संधी होती ती. मी म्हटलं, "ताई, तू हल्ली विसरतेस. मागच्या आठवड्यात छत्री नाही का विसरलीस?"

छत्री मीच नेली होती.

त्यानंतर तू दुकानात एकेक गोळी पाचपाचदा मोजायला लागलीस, गिऱ्हाइकं रांगेत उभी. मग गिऱ्हाइकाच्या मागे धावत जाऊन पुडी परत उघडून बघायला लागलीस. मग एक दिवस गेलीच नाहीस. मी लोकांना सांगत आले की ताईनं बोलणं टाकलं. तू नव्हतं टाकलंस. तू फोन करायचीस आणि मी लवकर ठेवायचे. हळूहळू तू ठेवायला शिकलीस.

खारू म्हणाली, "तू सांगणार नसशील तर मी सांगेन. मावशी काकांना रस्ता सांगते म्हणे. तिला कुणीतरी सांगायला नको?"

पाटी सोबत पाठवते आहे. कपाटाच्या खालच्या खणात, कागदाखाली होती. फेकायला गेले दोनदा. चारही कोपऱ्यांना पट्टीचे तुकडे आहेत अजून. बघ. तीनदा बघ.

तू विसरली नव्हतीस. तू आयुष्यात काही विसरलेली नाहीस.

क्षमा मागायला मी हे लिहीत नाहीये. मागायची नाही असं नाही, पण ती नंतर. आधी तू गाडी शिक. भाऊजींच्या हातातून किल्ली काढून घे.


२ ऑगस्ट

ताई,

तुझं कार्ड आलं होतं. "खारूला भेटायचं आहे." एवढंच, आणि खाली घराची खूण. तुला ती एकटी हवी होती हे मला कळलं. पण कायद्यानं शिकाऊ मुलीशेजारी कुणीतरी परवानावालं बसावं लागतं आणि तिचे बाबा कामासाठी बाहेरगावी होते. मी लोढण्यासारखी आले, त्याबद्दल माफ कर.

यायला पाच तास लागले. एका ट्रकवाल्यानं कितीतरी वेळ मागे राहून आम्हाला संभाळून आणलं. एकदाही हॉर्न नाही. बाकीच्यांनी मात्र कसर भरून काढली.

मी गाडीतच बसले, हे तू बघितलंसच. खिडकीचा पडदा एकदा हलला होता. तुमच्या फाटकाची कडी लावल्याचा आवाज मी तीनदा ऐकला.

अडीच तास. डबा आणला होता, उघडला नाही. समोरच्या अंगणात भाऊजींची गाडी उभी होती. डाव्या बाजूला पुढून मागेपर्यंत ओरखडा. हा मामीनं सांगितला नव्हता.

आत काय झालं ते खारूनं परतीच्या वाटेवर थोडं थोडं सांगितलं. तू तिला समोर बसवलंस आणि म्हणालीस, "तू काय बघितलंस ते सांग. मध्ये थांबू नकोस." तिनं सांगितलं. तू म्हणालीस, "परत सांग." तिनं सांगितलं. तू म्हणालीस, "आणखी एकदा." ती म्हणते, तिसऱ्यांदा सांगताना तिला रडू आलं, पण तुला नाही आलं. तू फक्त विचारलंस, "चारही कोपरे?" ती म्हणाली, "चारही." मग तू उठून तिला खायला वाढलंस आणि समोर बसून राहिलीस. तिनं परत घेतलं तेव्हा म्हणालीस, "गाल अजून तसेच आहेत."

मग तू बाहेर आलीस.

मी दार उघडायला हात घातला आणि तसाच ठेवला. तू माझ्या खिडकीवरून गेलीस, नजर समोर. केस बरेच पिकलेत तुझे. हातात पांढऱ्या पट्टीचं रीळ होतं. आमची मागची पाटी वाटेत एका कोपऱ्यातून सुटली होती, ते आम्हाला माहीतच नव्हतं. तू दातानं पट्टी तोडलीस. मी आरशात बघत होते. चार कोपरे. अंगठ्यानं दाबलेस. मग गाडीला फेरी मारून आलीस आणि परत दाबलेस. मग पुढची पाटी बघितलीस, आणि मागे जाऊन तिसऱ्यांदा.

भाऊजी पायरीवर आले होते, भिंतीला हात लावून. त्यांनी विचारलं, "गाडीत कोण आहे गं?"

तू म्हणालीस, "खारूची आई."

बरोबर आहे. तीच आहे मी.

येताना खारूनं गाडी छान चालवली. एका ठिकाणी मागून कुणीतरी खूप वेळ हॉर्न वाजवला. ती म्हणाली, "वाजवू दे. पाटी घट्ट आहे."


११ सप्टेंबर

ताई,

हे शेवटचं. याला उत्तर नको.

खारू पास झाली. परीक्षा एकदा पुढे ढकलली होती, पण चढावर तिला पूर्ण गुण मिळाले. घरी आल्यावर पाट्या काढायच्या होत्या. पुढची निघाली. मागची निघेना, तुझी पट्टी ती. मी सवयीनं पुढे झाले, नख लावायला. खारू म्हणाली, "आई, तू नको. मी काढते. तू आत जा."

ती रागानं बोलली नव्हती. तू चूल पेटलेली असताना लहान मुलाला सांगायचीस ना, तसं. मी आत गेले. खिडकीतून आवाज येत होता पट्टी निघण्याचा. मी मोजले. चार.

शिंप्याकडेही गेले होते, त्याच आठवड्यात. पँट आणायला म्हणून गेले आणि त्याला सगळं सांगितलं. त्यानं मशीन थांबवलं. मग म्हणाला, "म्हणजे त्या बाई उगाचच रडल्या." आणि नंतर, "पँट घेऊन जा. पुढच्या वेळी दुसरीकडे टाका." तेव्हा जिथं चौकशी झाली होती त्या कार्यालयातही मी अर्ज लिहून दिलाय. तिथल्या माणसानं तो वाचून, "एवढ्या जुन्या प्रकरणाचं काय करायचं बाई," म्हणत शिक्का मारला. म्हणाला, "नोंद केली आहे."

मामी परवा आली होती. तू शिकतेयस असं म्हणाली. रोज सकाळी तिथल्या शाळेतल्या, परवाना असलेल्या शिक्षिका शेजारी बसतात आणि भाऊजी मागच्या सीटवर, गप्प बसायच्या अटीवर. मामीला एकच कोडं पडलंय. "अगं, गाडीला मागे कसली जुनाट, पिवळी पडलेली पाटी लावलीय तिनं. कोपरे फाटलेले. नवी काय महाग असते? मी म्हटलं तर म्हणाली, हीच बरी आहे."

मी मामीला चहा दिला.

तुमच्या रस्त्यावर मोठ्या गाड्या वेगानं जातात. ते तुला हॉर्न वाजवतील, खेटून जातील, मान वळवून बघतील. मान वळवणाऱ्यांत मी नसेन. तुझ्या घरी येणार नाही, मामीकरवी विचारणार नाही, खारूला निरोप देणार नाही. ती तुझ्याकडे येईल तेव्हा आता एकटी येऊ शकेल.

पण तू रस्त्यावर असशील त्या वेळी मी मनात तुझ्या मागे असेन. दीड गाडीचं अंतर ठेवून. मोजून. मागून मला कुणी कितीही वाजवलं, तरी.